सीजीआय होर्डिंगची रील बनवताय? या चुका टाळा

2023 साली पॅरिसच्या रस्त्यांवर जॅकमुस या फॅशन ब्रँडच्या अवाढव्य पर्सा चाकं लावून धावल्या आणि लंडनच्या मेट्रोला, म्हणजे ट्यूबला, मेबेलिन या मेकअप ब्रँडच्या पापण्या फुटल्या. यातलं प्रत्यक्षात काहीच घडलं नव्हतं, सगळं सीजीआय, म्हणजे खऱ्या व्हिडिओत कॉम्प्युटरवर बनवून बसवलेलं होतं, पण लाखो लोकांनी ते खरं मानलं. तेव्हापासून आपल्याकडेही सराफांपासून मिसळवाल्यांपर्यंत सगळ्यांना तशी रील हवी असते. शिकणारी मुलं रात्रंदिवस ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये खपतात आणि तरी वस्तू रस्त्यावर चिकटवल्यासारखी दिसते. मग म्हणतात, रेंडर (सॉफ्टवेअरने काढलेलं चित्र) कमी पडला. बहुतेक वेळा रेंडर नाही, फुटेज, म्हणजे मुळात शूट केलेला व्हिडिओ कमी पडलेला असतो.

एका मुलाचं काम माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. पुण्यात लक्ष्मी रोडवर दोन इमारतींच्या मधोमध लटकणारा भलामोठा झुमका, दिवाळीच्या तोंडावर द्यायची जाहिरात. मॉडेल सुरेख होतं, सोन्यावरची नक्षीसुद्धा. पण कॅमेरा जरा हलला की झुमका पाण्यात तरंगल्यासारखा सरकायचा. त्याने शूट केलं होतं चालत्या रिक्षातून, फोनचं स्टॅबिलायझेशन चालू ठेवून. आता फोन धक्के लपवतो म्हणजे काय करतो, तर प्रत्येक फ्रेम थोडी कापतो, वाकवतो, फिरवतो. ट्रॅकिंग करणाऱ्या, म्हणजे फुटेजवरून कॅमेऱ्याची हालचाल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला एक स्थिर लेन्स शोधायची असते आणि अशा फुटेजमध्ये ती नसतेच. त्यात फोनचा फ्रेमरेटही (सेकंदाला किती फ्रेम्स) बदलता होता आणि मधेच त्याने आपणहून लेन्स बदलली होती. मुलाने ट्रॅकिंग पुन्हा पुन्हा केलं, शेवटी सरकणं झाकायला वरून खोटी थरथर घातली. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. आधीच डळमळणारी गोष्ट त्याने आणखी डळमळते.

ते फुटेज आम्ही सोडून दिलं. गर्दी नसताना भल्या सकाळी जाऊन पुन्हा शूट केलं: स्टॅबिलायझेशन बंद, लेन्स, फोकस आणि एक्स्पोजर लॉक, फ्रेमरेट 25, चालणं सावकाश. दुकानाच्या शटरची रुंदी टेपने मोजून वहीत लिहिली. ट्रॅकिंग झालं की माझी एक सवय आहे. सॉफ्टवेअर एरर किती दाखवतं ते बाजूला ठेवून मी रस्त्यावर, गटाराच्या झाकणावर साधा ठोकळा ठेवतो आणि पूर्ण शॉट बघतो. ठोकळा जागचा हलला तर पुढचं काहीच करायचं नाही. कितीही घाई असली तरी.

त्याच शॉटमध्ये दुसरी चूक होती, आणि ही मला जवळजवळ प्रत्येक रीलमध्ये दिसते: वेग. झुमका कानात हलतो तसा चटचट हलत होता. झोका घ्यायला लागणारा वेळ लांबीवर ठरतो. लांबी चौपट झाली की वेळ दुप्पट. पाच सेंटिमीटर लांबीवर लटकणारी वस्तू अर्ध्या सेकंदाच्या आत एक फेरी पूर्ण करते, दहा मीटरवर लटकणारीला साधारण सहा सेकंद लागतात. पडण्याचंही तसंच. वीस मीटरवरून वस्तू खाली यायला दोन सेकंद लागतात, म्हणजे 25 च्या फ्रेमरेटला पन्नास फ्रेम्स. नवशिके ती वीस फ्रेम्समध्ये आदळवतात आणि मग वजन दाखवायला धूळ वाढवतात. धुळीने वजन येत नाही. सीन खऱ्या मापात बांधा, ब्लेंडरचं एक युनिट म्हणजे एक मीटर. मग सिम्युलेशन बरंचसं बरोबर येतं. क्लायंट म्हणेल, फार सावकाश वाटतंय. त्याला समजावून सांगा, पण वेग वाढवू नका.

प्रकाशासाठी युरोपातल्या कुठल्याशा कुरणाचा फुकट एचडीआरआय (सीनला प्रकाश देणारा चौफेर फोटो) लावायचा आणि मुंबईच्या दुपारचं फुटेज घ्यायचं, हे बंद करा. शूटच्या जागी क्रोमचा गोळा धरून फोटो घ्या, तेवढ्यावरही सूर्याची दिशा नेमकी कळते. सावली उलट्या बाजूला पडली की कमेंटमधला पहिला माणूस तीच पकडतो.

लांबच्या वस्तूचा काळा रंग तेवढ्याच अंतरावरच्या खिडकीच्या काळ्याशी जुळवा. आपल्या शहरांच्या धुरकट हवेत लांबचं काहीच गडद काळं नसतं.

उन्हात फोनचा शटर 1/1000 सेकंदावर जातो आणि ब्लेंडरमध्ये मोशन ब्लर, म्हणजे हालचालीचा धूसरपणा, 0.5 वरच राहतो. एकतर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावून 1/50 वर शूट करा, नाहीतर 25 फ्रेमरेटला ब्लर 0.025 वर आणा.

फुटेजवर एजीएक्स (ब्लेंडरमधलं रंग दाखवायचं एक सेटिंग) लावू नका, ते फिकं पडतं.

विजेच्या तारा, झाडाच्या फांद्या, बसचं टप वस्तूच्या पुढून गेलंच पाहिजे. रोटो, म्हणजे पुढच्या गोष्टी फ्रेममागून फ्रेम कापून घेणं, कंटाळवाणं आहे, पण करावं लागतं. समोरच्या काचांत वस्तूचं प्रतिबिंबही पडू द्या.

आवाज शेवटच्या तासाला शोधू नका. शूटच्या वेळी रस्त्याचाच मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवा.

आणि एक गोष्ट मी करत नाही, कितीही पैसे मिळाले तरी: कोसळणारं होर्डिंग. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून 17 माणसं गेली. मुंबईच्या खऱ्या रस्त्यावर तसं दृश्य हुबेहूब बनवलं तर कुणाच्या तरी घरी पहिला फोन 'तू कुठे आहेस' असा जाईल. उडणारं, फुलणारं, तरंगणारं काय हवं ते सुचवा, क्लायंट ऐकतात.

रील सीजीआय आहे हे मी कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत लिहितो, कारण खालच्या ओळी दुमडल्या जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली की कॅप्शनही सुटून जातं, म्हणून तेच दोन शब्द शेवटच्या फ्रेमवर, वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरात टाकतो.