चिकन अँड डंपलिंग्ज: एका पातेल्यात होणारं रात्रीचं जेवण

सारण भरायचं नाही, लाटायचं नाही, मोमोसारख्या कळ्या पाडायच्या नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं हे घरगुती जेवण म्हणजे चिकनच्या दाट रश्श्यात सोडलेले मैद्याचे गोळे, आपल्या वरणफळांचं लांबचं भावंडच म्हणा ना. तिकडे काहीजण पीठ पातळ लाटून पट्ट्या कापून सोडतात, काहीजण चमच्याने मऊ गोळे टाकतात. मी दुसरं सांगतेय, कारण ते सोपंय.

चौघांसाठी पाऊण किलो चिकन घ्या, हाडांसकट, लेग पीस जास्त असतील तर उत्तम, नुसत्या बोनलेसचा रस्सा पांचट होतो. दीड लिटर पाणी, मीठ, तमालपत्र, थोडी काळी मिरी घालून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवा, वर मळी येईल ती काढत राहा. कुकर नको, ब्रॉयलर शिट्टीत पार गळून जातं. मग चिकन काढून हाडं बाजूला करा, मांस हाताने सोडवून ठेवा आणि पाणी गाळून घ्या.

त्याच पातेल्यात दोन चमचे बटर, त्यात बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि मिळाली तर सेलरी, नाही मिळाली तर सोडून द्या, काही अडत नाही. कांदा मऊ झाला की तीन मोठे चमचे मैदा घालून दोन मिनिटं परता, लाल करू नका, फक्त कच्चा वास गेला पाहिजे. आता गाळलेलं पाणी थोडं थोडं ओतत ढवळा म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. थाइम नावाचा सुगंधी पाला घालतात यात, घरात नसेल तर ओव्याची अगदी छोटी चिमूट चालते, दोघांतही थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं त्यामुळे वास जवळपास जातो. शेवटी अर्धा कप दूध आणि चिकन.

गोळ्यांसाठी दीड कप मैदा, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ. तीन मोठे चमचे थंडगार बटर त्यात बोटांनी चोळा, रवाळ दिसलं की थांबा, मग अर्धा-पाऊण कप थंड दूध. आणि इथे हात आवरायचा! पोळीच्या कणकेसारखं तिंबलंत की ग्लुटेन तयार होतं आणि गोळे चिवट होतात. चमच्याने कसंबसं एकत्र केलं, थोडं ओबडधोबड चिकट राहिलं की झालं.

रस्सा हलका उकळत असताना मोठ्या चमच्याने गोळे वरवर सोडा, जरा अंतर ठेवून, कारण ते चांगलेच फुगतात. गॅस मंद, घट्ट झाकण, पंधरा मिनिटं. झाकण उघडून बघायचं नाही, म्हणजे नाहीच, वरचा भाग वाफेवरच शिजतो आणि वाफ गेली की तो पिठूळ राहतो. खदखदा उकळू दिलंत तर गोळे फुटून रश्श्यात विरघळतात. पंधरा मिनिटांनी एक मधोमध तोडा, आत कोरडी जाळी दिसली पाहिजे, ओला चिकटपणा असेल तर अजून तीन-चार मिनिटं झाकून ठेवा.

वरून मिरपूड, कोथिंबीर, आणि तिखटाशिवाय जमत नसेल तर हिरवी मिरची, तिकडचे लोक काही बघायला येत नाहीत. लगेच खायला घ्या. उरलं तर गोळे रात्रभरात रस्सा पिऊन टाकतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी गरम करताना कपभर पाणी घालाच.