बॉल हातातून सुटतानाच बिघडतो: ग्रिप आणि रिलीजमधल्या या चुका टाळा

रविवारी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही नेट्समागे जाऊन उभं राहा. जाळीला नाक लावलेले एखादे बाबा हमखास ओरडताना दिसतील, "अरे, टप्पा पुढे टाक!" पोरगं मान डोलावतं, पुढचा बॉल फुलटॉस जातो. मग, "एवढा पुढे नाही रे!" पोराची चूक टप्प्यात नसतेच. बॉल कुठे पडणार हे तो बोटांतून सुटला तेव्हाच ठरलेलं असतं, खेळपट्टीवर दिसतो तो निकाल. म्हणून टप्प्याच्या आधी सीमकडे, म्हणजे बॉलच्या मधोमधच्या उंच शिवणीकडे, बघायची सवय लावा. सीम हवेत ताठ गेली, एका बाजूला कलली की डुगडुगत गेली, यावरून बोटांनी आणि मनगटाने काय गोंधळ घातला ते बऱ्यापैकी कळतं.

नव्या सीझन बॉलची (लेदरच्या कडक बॉलची) सीम नुसत्या डोळ्यांनी दिसते, जुन्याची दिसत नाही. जुन्या बॉलचा सीमच्या एका बाजूचा अर्धा भाग पांढरा रंगवून टाका, म्हणजे डुगडुग लगेच लक्षात येईल. मोबाइल बॉलरच्या पाठीमागे किंवा समोर, जाळीच्या पलीकडे ठेवा आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करा. बहुतेक जण बाजूने शूट करतात. त्यात रनअप छान दिसतो, स्टेटसला टाकता येतो, पण सीमचं काही कळत नाही.

(पुढचं सगळं उजव्या हाताचा बॉलर आणि उजव्या हाताचा बॅट्समन धरून लिहिलंय. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावं.)

बॉल तळव्यात कोंबणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि तिचं मूळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये असतं. टेनिस बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, सीझन बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट. टेनिस बॉलला सीम नाही, तो मऊ असतो, मुठीत दाबून धरला तरी काम भागतं. तीच मूठ घेऊन पोरगं लेदरवर येतं. बॉल जड लागतो, सुटेल अशी भीती वाटते, म्हणून ते आणखी घट्ट धरतं. मग बॉल तळव्याला घासत उशिरा सुटतो आणि अर्ध्या खेळपट्टीत आपटतो.

वेगवान बॉलरने बॉल बोटांवर धरायचा. तर्जनी आणि मधलं बोट सीमच्या दोन्ही बाजूंना, मध्ये थोडी फट. अंगठा खाली, थेट सीमवर, तोही त्याच्या कडेने टेकलेला. अनामिका दुमडून बाजूला नुसता आधार देते. बॉल आणि तळवा यांच्यामध्ये उजेड दिसला पाहिजे. पकड किती घट्ट हवी? दुसऱ्या कोणालातरी तुमच्या हातातून बॉल ओढायला सांगा. थोडा जोर लावल्यावर निघाला तर ठीक. खेचाखेची करावी लागली तर तुम्ही बॉल धरलेला नाही, अटक केली आहे.

दोन बोटं फार फाकवली तर बॉल हातात पक्का वाटतो, पण वेग मरतो. स्लोअर बॉलसाठी ही युक्ती मुद्दाम वापरतात, नेहमीच्या बॉलला नको. अंगठा बाजूला सरकला तर सीम सुटतानाच कलते. हा अंगठा कोणी तपासत नाही, कारण तो बॉलखाली लपलेला असतो. फोटो खालून काढा.

लहान मुलांच्या बाबतीत दोष अनेकदा बॉलचा असतो. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी नियमाप्रमाणे १३३ ते १४४ ग्रॅमचा, घेरानेही लहान बॉल असतो. महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा. तरीही "पुढे मोठ्याच बॉलने खेळायचंय ना" म्हणून दहा वर्षांच्या पोराच्या हातात पूर्ण वजनाचा बॉल दिला जातो. त्याची बोटं तिथे पोचतच नाहीत, तो तळव्यात धरणार नाहीतर काय करणार?

मनगट कोसळणं

बॉल सुटताना मनगट त्याच्या थेट मागे हवं आणि शेवटचा स्पर्श पहिल्या दोन बोटांच्या पेरांचा हवा. ती बोटं बॉलच्या पाठीवरून खाली ओढली जातात, त्याने बॉलला उलटी फिरकी मिळते आणि त्या फिरकीमुळेच सीम हवेत ताठ राहते. बोटं बॉलच्या उजव्या अंगाने घसरली तर तुम्ही नकळत ऑफकटर (टप्प्यानंतर आत येणारा बॉल) टाकलात, डाव्या अंगाने घसरली तर लेगकटर (बाहेर जाणारा). दोन्ही उपयोगी बॉल आहेत, पण ठरवून टाकले तर. न ठरवता पडला की वेग कमी आणि दिशा देवाच्या हवाली.

सीम कुठल्याच बाजूला न कलता नुसती डुगडुगत गेली, तर बहुधा दोन बोटांचा दाब सारखा नसतो. मधलं बोट लांब असल्याने तेच सगळं काम उरकतं आणि तर्जनी पाहुणी म्हणून बसते. यावर उपाय अगदी जवळचा आहे. समोर दहा-बारा मीटरवर कोणीतरी उभं करा, रनअप नाही, उडी नाही, डावा पाय पुढे ठेवून नुसतं मनगटाने बॉल सोडा. समोरच्याने "सीम उभी", "डावीकडे", "डुगडुग" एवढंच सांगायचं. सलग सहा सीम उभ्या गेल्या की दोन पावलं चालत टाका, मग चार पावलं, मग अर्धा रनअप. पूर्ण २०.१२ मीटरच्या खेळपट्टीवर आणि पूर्ण वेगात नवी सवय बसत नाही. तिथे शरीर जुनीच सवय बाहेर काढतं.

नेमकं उलट चालतं. अ‍ॅकॅडमीत एका नेटवर डझनभर पोरं, तासाभरात वाट्याला मोजके बॉल, आणि ते सगळे पूर्ण रनअपने, स्टंप उडवायच्या नादात. रिलीजचा सराव नेट्सबाहेर, रांगेत उभं असतानाच करून घ्यायचा असतो. घरी भिंतीवर टेप गुंडाळलेला टेनिस बॉलही चालेल, फक्त तो सीझन बॉलसारखा बोटांवर धरा. वॉचमनकाकांना आधी विचारलेलं बरं.

स्विंगसाठी मनगट वळवणं

आउटस्विंग (हवेत बॅट्समनपासून बाहेर वळणारा बॉल) हवा म्हणून सोडताना मनगट पिरगाळू नका. सीम पकडतानाच पहिल्या स्लिपच्या दिशेने थोडी कलती ठेवायची, चकचकीत बाजू बॉलरच्या उजवीकडे, आणि मनगट मागे सरळ. इनस्विंगला (आत वळणाऱ्या बॉलला) सीम लेगस्लिपकडे, चमक डावीकडे. चमक घामाने आणि कापडाने राखा. थुंकी लावणं २०२२ पासून क्रिकेटच्या नियमांतच बसत नाही, जुन्या खेळाडूंचा हात अजून तोंडाकडे जातो ते सोडा.

बॉल लेगला जातोय, पण दोष बॉल टाकणाऱ्या हाताचा नाही

ग्रिप नीट, सीम उभी, तरी बॉल सतत लेगस्टंपबाहेर जात असेल तर डावा हात बघा. तो बॅट्समनकडे ताणून सरळ खाली, कमरेशी ओढला जायला हवा. तो आधीच डावीकडे उघडला की खांदे फिरतात, डोकं त्याच बाजूला पडतं आणि बॉल बहुतेक वेळा लेगला जातो. उजवा हात कानाजवळून नीट आला, तरी बॉल लवकर सुटला तर फुलटॉस, उशिरा सुटला तर आखूड. दमल्यावर हात मंदावतो तेव्हाही हेच होतं, म्हणून सत्राच्या शेवटच्या बॉलांवरून ग्रिप बदलायचा निर्णय घेऊ नका.

नक्कल हा वेगळाच आजार. बुमराहचा कोपर पलीकडे वाकतो आणि तो बॉल इतरांपेक्षा पुढून सोडतो. हे शरीराचं देणं आहे, सरावाने येत नाही. आपल्या पुण्याच्या केदार जाधवने हात अगदी खाली आणून टाकलेल्या ऑफस्पिनवर भल्याभल्यांना फसवलं, पण तो मुळात बॅट्समन. बारा वर्षांच्या ऑफस्पिनरने तिथून सुरुवात केली तर बॉलला उंची आणि उसळी कुठून मिळणार?

फिरकीतली चुकीची बोटं

ऑफस्पिनला काम तर्जनीचं. तर्जनी आणि मधलं बोट सीमवर आडवी, फाकवून, वरच्या सांध्यांनी पकडलेली. तर्जनी बॉल ओढते, दार उघडताना मूठ फिरवावी तसं मनगट फिरतं. अंगठ्याचं इथे काम नाही, त्याने दाबलं की बॉल अडकतो. फिरकी वाढत नाही म्हणून काही जण कोपर वाकवून झटका देतात. बॉल टाकताना कोपर १५ अंशांपर्यंत सरळ होणं आयसीसीला चालतं, त्यापुढे ती फेक. लहानपणी लागलेली ही खोड मोठेपणी सोडवणं फार जड जातं.

लेगस्पिनला अनामिका. पहिली दोन बोटं सीमवर आडवी, अनामिका दुमडून सीमला लागून, आणि बॉल तिच्यावरून सुटतो. इथेही अंगठा नुसता टेकलेला. लेगस्पिनर घाबरला की बॉल आवळतो आणि मग हाफ ट्रॅकर, म्हणजे अर्ध्या खेळपट्टीतच आपटणारा बॉल, पडतो. घरी गादीवर उताणं पडून बॉल सरळ वर फिरवत सोडायचा सराव करा. सीम एका आडव्या पट्टीसारखी फिरताना दिसली की जमलं. पंखा बंद करून.

आणि प्रत्येक बॉल हातभर वळलाच पाहिजे हा हट्ट सोडा. पुण्याजवळच्या गहुंजेच्या स्टेडियमवर २०१७ च्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ असे १२ बळी घेतले, २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३. दोघेही डावखुरे फिरकीपटू, दोन्हीदा भारत हरला. हातातून सारखेच सुटलेले बॉल, एक वळला, एक सरळ राहिला, आणि सँटनरने त्यात वेगाची कमीजास्त केली. रिलीज सारखा असल्याशिवाय ही फसवणूक होत नाही. (कोहली सँटनरच्या फुलटॉसवर बोल्ड झाला, हा फुलटॉस टाकायचा परवाना नव्हे.)

थंडी, पाऊस आणि बोटं

डिसेंबरात सकाळी साडेसहाला बोटं आखडलेली असतात. बॉल निसटतो आणि आपण आवळतो. आधी हात चोळा, बॉल दोन्ही हातांत फिरवा, हळू रिलीज करा, मग नेटवर जा. पावसाळ्यात सिमेंटवर मॅटिंग टाकून सराव चालतो तेव्हा बॉल पाणी पितो आणि जड होतो. त्या दिवशी नवी ग्रिप शिकायला जाऊ नका. कंबरेला कोरडा नॅपकिन खोचा आणि जुनाच, ओळखीचा बॉल टाकत राहा. ऑफस्पिनरच्या तर्जनीची कातडी सोलवटली तर दोन दिवस टेनिस बॉलवर भागवा. दुखऱ्या बोटाला वाचवायला हात नकळत ग्रिप बदलतो, आणि बोट बरं झालं तरी ती बदललेली ग्रिप हातात राहून जाते.