तळ्यातली पाणवेल कशी ओळखायची आणि कशी काढायची

गोदावरीला पूर आला की नाशिककडच्या सायखेड्याच्या पुलाला हिरवा गालिचा अडकल्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात ना, तीच ही पाणवेल, म्हणजे जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. नदीचं काय ते प्रशासन बघेल, पण गावतळ्यात किंवा शेततळ्यात शिरली तर आपल्यालाच उतरावं लागतं.

आधी ओळख पटवा. पान गोलसर, चकचकीत, आणि देठ फुगीर, दाबला तर स्पंजसारखा लागतो, खाली काळसर झुपकेदार मुळं लोंबतात. फूल फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. एक गोष्ट मात्र फसवते, गर्दी झाली की देठ उंच होतात आणि फुगवटा जवळजवळ जातो, त्यामुळे लोकांना वाटतं ही दुसरीच वनस्पती आहे. कोबीच्या गड्ड्यासारखी, मखमली पानांची, बिनदेठाची दिसली तर ती वेगळी, पण तीही तणच, तिलाही हाच इलाज. कमळाची मुळं चिखलात असतात, ते उपटू नका.

काढायला एप्रिल-मे बरा, पाणी खाली गेलेलं असतं आणि तण एका कोपऱ्यात गोळा होतं. रिकामे कॅन बांधलेली जाड दोरी तळ्यावर आडवी टाकायची, दोन्ही काठांवरनं दोघादोघांनी हळूहळू ओढत यायचं, की सगळं एका बाजूला येतं, मग लांब दांड्याच्या दाताळ्याने मुळांसकट बाहेर. नुसती पानं छाटून काही होत नाही. प्लास्टिकचं शेततळं असेल तर दाताळं कागदाला लागू देऊ नका आणि आत उतरायची वेळ आलीच तर कमरेला दोर, काठावर माणूस हवाच, कागदावर शेवाळ असतं, पाय घसरला की वर येता येत नाही.

काढलेला ढीग काठावर ठेवायचा नाही. आम्ही ठेवला होता, मृगाच्या पहिल्याच पावसात निम्मा परत तळ्यात, दोन दिवसांची मजुरी वाया! लांब, उंचावर पसरून वाळवा, यात बहुतेक पाणीच असतं, वाळल्यावर ढीग चिमटीएवढा होतो. मग शेणाबरोबर खड्ड्यात कुजवा. फुलावर यायच्या आधी काढलेली असेल तर खत बिनधास्त वापरा, नाहीतर खताबरोबर बी जातं, आणि ते बी पंधरा-वीस वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतं. सांडपाण्याच्या तळ्यातली असेल तर जनावरांना घालू नका, ती जड धातू शोषून घेते.

औषध मारू का, असं सगळेच विचारतात. मी तरी नाही म्हणेन. एकदम मेलेली पाणवेल तळाशी कुजते, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे उलटे होतात. त्यात आपल्याकडे बांधाला बांध लागून द्राक्षबागा, टू-फोर-डी या तणनाशकाचा फवारा वाऱ्याने गेला तर शेजाऱ्याची बाग आखडलीच समजा. पाणवेल खाणारे भुंगेरेही आहेत, १९८३ पासून भारतात सोडलेत, पण त्यांना वेळ लागतो, मोठ्या तलावाला ठीक.

खरी मेहनत काढल्यानंतरची. उन्हाळ्यात ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणून पुढचे दोन-तीन महिने दर आठ दिवसांनी काठाने एक चक्कर मारायची, रोपटं दिसलं की उचलायचं. नदीतनं पाणी उचलत असाल तर तळ्यात पाणी पडतं तिथे बारीक जाळी लावा, आणि गोठ्याचं, मोरीचं पाणी तळ्याकडे येत असेल तर चर काढून दुसरीकडे वळवा, कारण या बाईला खायला तेच लागतं.