शिक्षकांच्या मनाला आधार देणारे व्हॉट्सॲप मेसेज : केंद्रपातळीवर काम कसं उभं करावं

जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाच्या मोबाइलवर येणारे बहुतेक मेसेज काहीतरी मागणारे असतात. 'अतितातडीचे. आज दुपारी ३ पर्यंत लिंक भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.' पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस (शाळेची सरकारी माहिती भरणं), बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, शिष्यवृत्तीच्या याद्या. त्यात १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या अनेकांच्या डोक्यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, येऊन बसली आहे. अशा फोनवर 'आनंदी राहा' असं लिहिलेलं सूर्योदयाचं आणखी एक चित्र आलं तर ते न उघडताच पुसलं जातं. म्हणून मजकूर लिहायला घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात. त्रास देणारे मेसेज कमी कसे होतील, आणि आपल्या मेसेजला एखाद्याने रात्री उत्तर लिहिलं तर ते कोण वाचणार.

इथली पद्धत एका केंद्रासाठी, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी आहे. दहा-पंधरा शाळा आणि चाळीस ते साठ शिक्षक धरले आहेत. खाजगी संस्थेच्या शाळेतही थोड्या फरकाने ती चालते.

आधी केंद्राचा ग्रुप ताळ्यावर आणा

हे काम केंद्रप्रमुखांनी, म्हणजे या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी करायचं. सरकारी टपालाचा ग्रुप वेगळा ठेवा आणि त्यात 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सेटिंग लावा. 'ओके सर', 'भरली सर' असे चाळीस मेसेज त्याने थांबतात. माहितीची मागणी दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी टाका. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी काही टाकू नका. अतिवृष्टीमुळे शाळा बंद, अशी सूचना तेवढी अपवाद. वरून खरोखर तासाभरात माहिती मागितली गेली तर ती कुणी आणि कशासाठी मागितली आहे हे एका ओळीत लिहा. कारण कळलं की चिडचिड निम्मी होते.

सगळ्यात जास्त जखम होते ती नावं जाहीर करण्याने. 'खालील शाळांनी अद्याप माहिती भरलेली नाही. बाब गंभीर आहे. वरिष्ठांना अहवाल सादर करण्यात येईल', आणि खाली चार शाळांची नावं. त्याऐवजी त्या चार मुख्याध्यापकांना वेगवेगळं लिहा: 'मॅडम, आधार पडताळणीची माहिती अजून दिसत नाहीये. पोर्टल चालत नाही का, की दुसरं काही अडलंय? गुरुवारी संध्याकाळपर्यंत झाली तरी चालेल.' वेळ तेवढाच लागतो आणि माहिती बहुतेक वेळा लवकर येते. हा एवढा बदल झाला आणि पुढचं काहीच जमलं नाही, तरी शिक्षकांचा मोठा ताण उतरलेला असेल.

पाठवणारा माणूस आणि नंबर

आधाराचे मेसेज केंद्रप्रमुखांच्या नंबरवरून जाऊ नयेत, ते स्वभावाने कितीही चांगले असले तरी. गोपनीय अहवाल आणि रजेचा अर्ज ज्यांच्याकडे जातो त्यांना 'मला झोप लागत नाही' असं कुणी लिहीत नाही. ज्यांच्याशी लोक आपणहून बोलतात असे दोन शिक्षक निवडा, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. त्यांना आठवड्याआड पाळी द्या. एकाच माणसावर सगळं टाकलं तर दोन-तीन महिन्यांत तोच थकतो.

या दोघांनी सुरुवातीलाच जिल्हा रुग्णालयात जाऊन जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या समुपदेशकांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, आपल्या तालुक्याच्या ठिकाणी पथक केव्हा येतं, हे लिहून आणावं. पुढे कुणाला पाठवायची वेळ आली की 'डॉक्टरांना दाखवा' आणि 'मंगळवारी १० वाजता अमुक खोलीत जा, मी सोबत येतो' यांत फार अंतर असतं.

वेगळं सिम घ्या. ग्रुप करू नका, ब्रॉडकास्ट लिस्ट करा. ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते सगळ्यांना दिसतं आणि एखाद्याने मनातलं लिहिलं की ते साठ जण वाचतात. ब्रॉडकास्टमध्ये प्रत्येकाला मेसेज एकट्याला आल्यासारखा येतो आणि उत्तर फक्त पाठवणाऱ्याकडे जातं. एका लिस्टमध्ये २५६ नंबर मावतात, म्हणजे केंद्राला एक लिस्ट पुरते. एक अट मात्र हमखास विसरली जाते: ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही. त्यामुळे शिक्षण परिषदेच्या, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीच्या दिवशी दहा मिनिटं मागून घ्या आणि सगळ्यांसमोर नंबर सेव्ह करायला सांगा. पहिला मेसेज गेल्यावर तो दाबून धरून 'इन्फो' उघडा. पोचलेल्यांच्या यादीत जे नाहीत त्यांना फोन करा.

संमती आधी

पगारपत्रकावरून नंबर उचलून लिस्ट करू नका. छोट्या कागदावर चारच गोष्टी घ्या: नाव, नंबर, मेसेज हवेत की नको, आणि अडचणीच्या वेळी आम्ही घरच्या कुणाला फोन केला तर चालेल. ही शेवटची ओळ पुढे जीव वाचवू शकते, म्हणून ती का विचारतोय हे उघडपणे सांगा. कागद पाठवणाऱ्यांकडेच राहतील. 'किती जण सामील झाले, यादी द्या' अशी मागणी वरून आली तर फक्त आकडा कळवायचा, नावं नाहीत. हे केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून सुरुवातीलाच कबूल करून घ्या.

पहिला मेसेज असा असू शकतो:

'नमस्कार. बुधवारी आणि शुक्रवारी या नंबरवरून तुम्हाला एक छोटा मेसेज येईल. काही भरायचं नाही, फोटो पाठवायचा नाही. तुम्ही लिहिलेलं आम्ही दोघंच वाचतो, पुढे पाठवत नाही. जिवाला धोका वाटला तरच घरच्यांना कळवू. उत्तर रोज रात्री ८ ते ९ दरम्यान मिळेल. मेसेज नको असतील तर फक्त "थांबा" लिहा. कधीही बोलावंसं वाटलं तर टेली मानस ही मानसिक आधाराची हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.'

'आम्ही चोवीस तास आहोत' असं चुकूनही लिहू नका. दोन शिक्षकांना ते झेपत नाही, आणि रात्री दोनला लिहिलेल्याला सकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर तो पुन्हा लिहीत नाही. चोवीस तासांसाठी टेली मानस आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावावा.

काय लिहायचं

आठवड्याला दोन मेसेज आणि बारा आठवडे एवढं बेतानं पुरतं. रोज पाठवलं की पंधरवड्यात लोक वाचायचं सोडतात. वेळ संध्याकाळी साडेसात-आठची, शिक्षक घरी पोचून थोडा टेकलेला असतो तेव्हा. सकाळी परिपाठाच्या गडबडीत नको. रविवारी संध्याकाळीही नको, सोमवारची आठवण आधीच छातीवर असते. लांबी साठ शब्दांच्या आत ठेवा, म्हणजे 'आणखी वाचा' दाबावं लागत नाही. चित्र, व्हिडिओ, पीडीएफ टाळा.

प्रत्येक मेसेजमध्ये एकच गोष्ट सांगा, आणि ती शाळेच्या दिवसात बसणारी असू द्या. 'ध्यान करा' याचा दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला काही उपयोग नाही. त्यापेक्षा हे बघा:

'आज मधल्या सुट्टीत पोषण आहाराचं वाटप झालं की दोन मिनिटं बसा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. दहा वेळा. बाहेर सोडणं लांबलं की छातीतली धडधड कमी होते. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.'

'शाळेत स्वच्छतागृह नीट नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बऱ्याच मॅडम आहेत. डोकं दुखणं आणि चिडचिड यामागे तेही असू शकतं. तुमच्या शाळेत अडचण असेल तर लिहा. शाळेचं नाव सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.'

'झोपताना डोक्यात कामं फिरतात? उद्याची तीन कामं कागदावर लिहा, चौथं नको. कागद पिशवीत टाका आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.'

वेळापत्रक शाळेच्या वर्षाप्रमाणे लावा. जूनमध्ये पटनोंदणी आणि नवी शाळा, बदली झालेल्यांना नवं गाव. प्रथम सत्राच्या परीक्षेत पेपर तपासणी. निवडणूक लागली की मतदान केंद्राचं साहित्य आणि रात्रीचा मुक्काम. एप्रिलमध्ये निकालपत्रकं. बदल्यांच्या याद्या लागतात त्या आठवड्यात नेहमीचा मजकूर बाजूला ठेवा आणि एवढंच लिहा: 'यादी लागली आहे. मनासारखं झालं नसेल तर आज रात्री ८ ते ९ आम्ही फोनवर आहोत.'

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. 'सकारात्मक विचार करा' हे दमलेल्या माणसाला 'चूक तुझीच' असं ऐकू येतं. 'गुरु हा समाजाचा शिल्पकार', 'तुम्ही तर देशाचं भविष्य घडवता' या वाक्यांनी ओझं वाढतं, कारण इतक्या मोठ्या माणसाने थकलो म्हणायचं कसं? आणि मेसेज वाचल्याचा पुरावा कधीच मागू नका. 'वाचल्यावर अंगठा दाखवा' म्हटलं की तेही टपाल झालं.

उत्तर आलं तर

खरं काम इथे आहे. बरेच जण सुरुवातीला आडून लिहितात: 'छान मेसेज सर. आमच्या नशिबात कुठे झोप.' याला हात जोडलेला इमोजी पाठवून सोडू नका. 'झोप कधीपासून लागत नाहीये?' एवढं विचारा आणि थांबा. समोरच्याने लिहिलेलाच शब्द धरून विचारलं की तो पुढे लिहितो. 'का' ने सुरू होणारे प्रश्न टाळा, ते जाब विचारल्यासारखे वाटतात. सल्ला देण्याची घाई नको, स्वतःची उदाहरणं तर मुळीच नकोत. लांबलचक लिहून यायला लागलं की 'फोन करू का?' विचारा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक उडाली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, शाळेत जायच्या विचारानेच रडू येत असेल, दारू वाढली असेल, तर समुपदेशकाकडे नेण्याची वेळ झाली. तारीख, वार आणि सोबत कोण येणार हे ठरवूनच बोलणं संपवा.

'आता सगळं संपवावंसं वाटतं', 'माझ्यामागे मुलांचं बघा', 'तुम्हाला पुन्हा त्रास देणार नाही' असं काही दिसलं तर टाइप करत बसू नका. लगेच फोन लावा. सरळ विचारा: 'जीव द्यायचे विचार येतायत का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलता होतो. हो म्हटलं तर कशाने, केव्हा, जवळ काय आहे ते विचारा. घरात फवारणीचं औषध असेल तर ते घरच्यांकरवी तिथून हलवा. संमतीपत्रातल्या माणसाला दुसऱ्या फोनवरून बोलवा आणि तो पोचेपर्यंत बोलत राहा. मग १४४१६, आणि कृती सुरू झालेली असेल तर ११२ किंवा १०८. 'पोलीस केस होईल' या भीतीने घरचे दवाखान्यात न्यायला कचरतात. त्यांना सांगा, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि त्या प्रयत्नासाठी तिला शिक्षा होत नाही.

फरक पडतोय का ते कसं बघायचं

सुरुवातीला आणि बारा आठवड्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची प्रश्नावली, म्हणजे डब्ल्यूएचओ-५, घ्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं, प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणलं की शंभरपैकी आकडा येतो. पन्नासच्या आसपास किंवा खाली आलेल्यांची विचारपूस हवी, पण प्रश्नावली निनावी असेल तर ते कोण हे कळणार नाही. म्हणून शेवटी १४४१६ आणि तुमचा नंबर छापा.

निनावीपणा नकळत मोडतो. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद करा. शाळेचं नाव, लिंग, सेवेची वर्षं विचारू नका, कारण द्विशिक्षकी शाळेत दोन उत्तरांत माणूस ओळखू येतो. व्हॉट्सॲपचा पोल वापरू नका, त्यात कुणी काय निवडलं ते नावासकट दिसतं. नैराश्याची पीएचक्यू-९ प्रश्नावली निनावी फॉर्मवर घेऊ नका. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे, आणि कुणी 'रोज' असं उत्तर दिलं तर तुम्ही त्याच्यापर्यंत पोचू शकणार नाही.

नेटवर्क नसलेल्या शाळा

मेळघाट, धडगाव, अक्कलकुवा अशा भागांत व्हॉट्सॲप संध्याकाळी टेकडीवर चढल्यावरच चालतं. तिथे साधा एसएमएस बरा, पण देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात आणि काना-मात्राही अक्षरात धरल्या जातात. म्हणून एकच वाक्य लिहा. कंपनीमार्फत घाऊक एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर दोन्हींची डीएलटी नावाच्या यंत्रणेत आधी नोंदणी लागते. दहा-बारा शिक्षकांसाठी तो खटाटोप करू नका, स्वतःच्या फोनवरून पाठवा आणि पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकाला फोन लावा.

फोन सांभाळणं

या नंबरचं व्हॉट्सॲप शाळेच्या कॉम्प्युटरवर कधी उघडू नका. चॅट लॉक लावा, नव्वद दिवसांत पुसले जाणारे मेसेज सुरू करा आणि ड्राइव्हवरचा बॅकअप बंद ठेवा. पाठवणाऱ्यांपैकी कुणाची बदली झाली तर सिम नव्या शिक्षकाकडे देण्याआधी सगळ्या चॅट पुसून टाका, माणूस बदलल्याचं लिस्टवरच्या प्रत्येकाला कळवा आणि संमती पुन्हा घ्या. जुन्या शिक्षकाशी बोलणं चालू असलेल्यांना त्याने स्वतः फोन करून विचारावं की पुढे नव्या माणसाशी बोलायचं, की त्याच्याशीच.