नखुर्डं की आणखी काही? फुफ्फुसाचा कॅन्सर भलत्याच जागी दिसतो तेव्हा या चुका टाळा

बोटाचं टोक सुजून ठणकायला लागलं की रावेर-यावलच्या केळीबागेत कुणीही सांगेल, नखुर्डं झालंय, लिंबात बोट खुपस. बहुतेक वेळा ते नखुर्डंच असतं. पण माणूस पन्नाशीपुढचा, वर्षानुवर्षं बिडी ओढणारा, चीर देऊनही पू निघत नाही, अँटिबायोटिकचे दोन कोर्स वाया गेले, तर तिसरा कोर्स नको; बोटाचा एक्स-रे काढा. शेवटच्या पेराचं हाड कुरतडल्यासारखं दिसलं, तर छातीचाही काढा. हाताच्या हाडात कॅन्सर पसरणं दुर्मीळ, पण पसरला तर मूळ बऱ्याचदा फुफ्फुसात सापडतं.

डोक्यावर किंवा छातीवर अचानक आलेली घट्ट गाठ 'चरबीची' म्हणून न तपासता काढून फेकली जाते. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्येच, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, लॅबला द्या. सलाईनच्या बाटलीत ठेवलेला तुकडा प्रवासातच खराब होतो.

फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णाला अंधुक दिसू लागलं तर 'मोतीबिंदू असेल' म्हणून थांबू नका. बाहुली मोठी करून पडदा तपासला, सोनोग्राफी केली, तर डोळ्याच्या आतली गाठ कळते. तिथे तुकडा काढायला सुई क्वचितच घालावी लागते. अचानक पोट फुगून असह्य दुखलं तर आतड्यातल्या गाठीने भोक पडलेलं असू शकतं. तिथे ॲसिडिटीची गोळी उपयोगाची नाही.

पेट स्कॅनमध्ये (अंगभर कॅन्सर शोधणारा स्कॅन) चमकलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. टीबीही तसाच चमकतो. उलट छातीच्या एक्स-रेवरचा डाग बघून, थुंकी न तपासता महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या चालू ठेवणं तितकंच वाईट. शिवाय मेंदूतली लहान गाठ पेटमध्ये निसटते, त्यासाठी एमआरआय लागतो.

गाठ फुफ्फुसातूनच आली का, हे तुकड्यावरच्या टीटीएफ-१, नॅप्सिन-ए या रंगचाचण्यांवरून बरंचसं ठरतं. टीटीएफ-१ थायरॉइडच्या कॅन्सरमध्येही येतो, म्हणून एकट्यावर विसंबू नये. आणि चाचण्यांची गर्दी करून तुकडा संपवू नका. ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल तपासायला तोच लागतो, नि गोळ्यांचं औषध चालेल का ते त्यावर ठरतं. बिडी कधी न ओढलेल्या, पऱ्हाटीच्या चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईचीही ही तपासणी टाळू नका, तिच्यात असे बदल सापडण्याची शक्यता उलट जास्त.

भुसावळहून मुंबईची गाडी पकडताना पिशवीत रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. लॅबमधून तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या.