जुन्या पाणबुडी-लढायांवर लिहिताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘टॉर्पेडो’ या शब्दाचा. फेब्रुवारी १८६४ मध्ये, अमेरिकन यादवी युद्धात, ‘हनली’ या पाणबुडीने चार्ल्स्टनजवळ ‘हूसाटॉनिक’ ही युद्धनौका बुडवली. त्या काळच्या कागदांत टॉर्पेडो असं आहे, म्हणून आपले लेखक ‘पाणतीर’, म्हणजे आजचा पाण्यातून स्वतः धावणारा टॉर्पेडो, ‘सोडला’ असं ठोकून देतात. सोडलं काहीच नव्हतं. लांब दांड्याच्या टोकाला दारूगोळ्याचा डबा बांधून तो जहाजाला नेऊन भिडवायचा, एवढंच. सात माणसं हाताने दांडा फिरवून पंखा चालवत होती, आठवा कप्तान. आठही जण गेले. पाणबुडीने स्वतःच्या बळावर धावणाऱ्या पाणतिराने युद्धनौका बुडवली ती त्यानंतर ५० वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, ५ सप्टेंबर १९१४ रोजी: जर्मन पाणबुडी यू-२१ ने ब्रिटिश ‘पाथफाइंडर’.

दुसरी चूक म्हणजे आजची पाणबुडी डोळ्यासमोर ठेवणं. १९१४ ची बोट बहुतेक वेळ पाण्यावरच चाले, हल्ल्यापुरती बुडी मारी. आपला मराठी शब्द तिला नेमका बसतो. पाण्याखाली यू-९ या जर्मन पाणबुडीचा वेग जेमतेम ८ नॉट (तासाला सुमारे १५ किलोमीटर), तोही बॅटरी टिकेल तोवर.

मग याच यू-९ ने २२ सप्टेंबर १९१४ ला सकाळी हॉलंडच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर तीन ब्रिटिश क्रूझर कशा बुडवल्या? इथे ‘यू-९ चा कप्तान वायडिगेन याचं अफाट कौशल्य’ लिहून मोकळं होऊ नका. ‘अबूकीर’, ‘हॉग’ आणि ‘क्रेसी’ सुमारे १० नॉटने, नागमोडी न वळता, सरळ येत होत्या. सोबतच्या विनाशिका खराब हवेमुळे आधीच परतल्या होत्या. आयतंच सावज! अबूकीरवर पाणतीर आदळला, पण कप्तानाला वाटलं पाणसुरुंग. त्याने बाकीच्या दोघींना जवळ बोलावलं. माणसं वाचवायला हॉग थांबली आणि तिला दोन पाणतीर बसले. ते सोडताच पुढचं वजन कमी होऊन यू-९ चं नाक पाण्याबाहेर आलं, हॉगने तोफाही डागल्या, पण उशीर झाला होता. क्रेसीही तिथेच रेंगाळली. सहा पाणतीर संपले, १,४५९ माणसं गेली. शब्दाचा घोळ आपण टेबलाशी बसून करतो. अबूकीरच्या कप्तानाने पाणतीर ओळखण्यात तसाच घोळ समुद्रात केला.

आणखी एक, व्हिडिओ करणाऱ्यांसाठी. १९१४ च्या प्रसंगात सोनारचा (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालची वस्तू शोधणाऱ्या यंत्राचा) ‘पिंग’ आवाज घालू नका. तेव्हा सोनार नव्हता. पेरिस्कोप दिसला तर तोफ, नाहीतर सरळ धडक. १८ मार्च १९१५ ला वायडिगेनची नवी बोट यू-२९ ‘ड्रेडनॉट’ या युद्धनौकेने अशीच धडकून बुडवली. एकही माणूस वाचला नाही.