शर्यतीची जुनी मोटार घेताय? या चुका टाळा

मराठवाड्यात मोटार शर्यतीचा ट्रॅक नाही. तरीही 'शर्यतीची गाडी' म्हणून विकली जाणारी एखादी फियाट अधूनमधून कुठल्या तरी शेडमधून बाहेर येते, आणि ती घेणारा माझा सल्ला विचारतो तोपर्यंत तिची निम्मी खोलाखोली झालेली असते.

पहिली चूक विक्रेत्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याची. 'ही 1978 मध्ये इरुंगट्टुकोट्टईला धावली होती,' असे मला एकाने छातीठोकपणे सांगितले. चेन्नईजवळचा तो ट्रॅक 1990 मध्ये सुरू झाला. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या महायुद्धकालीन धावपट्टीवर होत असत. म्हणून मी गोष्ट शेवटी ऐकतो आणि आधी चॅसी क्रमांक आरसी पुस्तकाशी ताडून पाहतो.

मला सर्वांत जास्त संताप आणणारी चूक म्हणजे गाडी घरी येताच ती सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूचा मारा करून रंग आणि गंज काढायला, पाठवणे. काही वर्षांपूर्वी जालन्याजवळ एका बंद जिनिंगच्या गोदामात उभी असलेली फियाट माझ्या एका तरुण परिचिताने घेतली. मी रविवारी येईपर्यंत गाडीला पाण्याचा थेंबही लावू नकोस, असे त्याला फोनवर बजावले होते; परंतु रविवारी मी पोहोचलो तेव्हा गाडी ब्लास्टिंग होऊन परत आली होती आणि तो आनंदाने म्हणाला, 'काका, बघा, कशी नवी दिसते!' छताचा आणि बॉनेटचा पातळ पत्रा वाळूच्या माऱ्याने लाटेसारखा झाला होता. दारावरच्या रंगाखाली असलेल्या पांढऱ्या गोलातील शर्यतीचा क्रमांक, जो मी त्यानेच पाठवलेल्या छायाचित्रात उन्हात पुसटसा ओळखला होता, नाहीसा झाला होता. पाइपांचा संरक्षक सांगाडा ज्यांत बसत असे ती तळपत्र्यावरील भोके वेल्डरने आपणहून, उपकार म्हणून, बुजवून टाकली होती. कार्बुरेटरचे तोंड कोणी झाकले नव्हते, त्यामुळे वाळू इंजिनात गेली ती वेगळीच. नवीच गाडी हवी होती तर त्याने शोरूममध्ये जायला हवे होते, हे मी तेव्हा बोललो नाही.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. दारावर तळहाताएवढी जागा निवडून चारशे नंबरच्या वॉटर पेपरने रंगाचा एकेक थर उतरवतो, प्रत्येक थराचे छायाचित्र काढतो आणि भोके, जोडलेल्या पट्ट्या, कापलेले पत्रे यांची वहीत नोंद करतो. खाली चिकटलेली काळी माती मात्र लगेच काढावी, कारण ती ओल धरून ठेवते आणि तळपत्रा तिथेच आधी सडतो.

तिसरी चूक मी स्वतः केली आहे. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी ट्रॅक्टरला बांधून, तिसऱ्या गिअरमध्ये ओढून सुरू करण्याच्या नादात मी अडकलेली पिस्टन रिंग तोडली आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नखाला लागेल असा ओरखडा पाडला. आता मी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल थोडे थोडे सोडतो, आठ दिवस थांबतो आणि मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून पाहतो. हलले नाही तर आणखी आठ दिवस. घाई असलेल्याने दुसरा छंद शोधावा.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजण्याआधी पिस्टन मागवू नयेत: फियाटच्या 1089 सीसीच्या इंजिनाचा मूळ बोअर 68 मिमी असला तरी शर्यतवाल्यांनी तो वाढवलेला असू शकतो. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते, म्हणून जुने सगळे काढावे. टायरवर कोरलेल्या निर्मितीच्या तारखेत तीनच आकडे असतील तर तो 2000 पूर्वीचा आहे. तो झोपाळ्याला बांधावा.

राहिला कागदपत्रांचा प्रश्न. 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ झालेला असावा लागतो आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून शर्यतीसाठी पत्रा कापलेली गाडी घेताना, ती रस्त्यावर आणायची की केवळ जतन करायची, हे पैसे देण्यापूर्वीच ठरवावे.